पेटीतले डावे हातमोजे

समस्त जनतेस कळवण्यात येते की, निसर्ग डाव्या-उजव्यात भेदभाव करतो याचा सबळ पुरावा भिलाईच्या सेक्टर दहामध्ये, आमच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत सापडला आहे. पुराव्यात सतरा हातमोजे आहेत. सगळे डावे.

बाबा स्टील प्लांटमध्ये रोलिंग मिलवर होते. उजवा मोजा घासून फाटायचा, नवी जोडी मिळायची आणि जुना धडधाकट डावा घरी यायचा. "कामी येतीन," म्हणायचे.

मग लकवा आला, आणि उजवा हातच गेला. डाव्याने जेवायला ते तयार होईनात. लहानपणी मी डाव्याने घास उचलला म्हणून याच माणसाने फटके दिले होते. आता स्वतः कसा उचलणार? आई भरवायची. चार घासांत लाजून तोंड फिरवायचे. गालफडं बसत चालली होती.

सुट्टीत माझी मुलगी आली. ती भौतिकशास्त्र शिकते. तिने पेटीतला एक मोजा आजोबांसमोर गोल गोल फिरवला. "आबाजी, कितना भी घुमाओ, हा उजवा होत नाही. पण लांबी, रुंदी, उंची सोडून चौथी दिशा असली ना, तर तिच्यातून पलटवला की उजवा होते."

बाबांचे डोळे लकाकले. त्यांनी आपला डावा हात तिच्यापुढे धरला. "मंग... हा पलटव, बाई."

कोणीच हसलं नाही. पोरगी गडबडली. "आबाजी, ती दिशा असलीच तर एकदम बारीक, गुंडाळून दुमडलेली. हात नाही जात. आणि पदार्थाचे कणही डावे-उजवे असते; तिच्या टोकांवर दोघांले एकच कायदा नसते. काही कणांचा उजवा जोडीदार तिकडेच जड होऊन बसते. आपल्या दुनियेत डावाच उरते."

बाबांनी हात मागे घेतला आणि ते भिंतीकडे पाहू लागले.

आई वरणभाताचं ताट घेऊन कधीची उभी होती. तिने ते दाणकन त्यांच्या डाव्या बाजूला ठेवलं. "सारी दुनिया डाव्यावर चालून राहिली म्हणते पोरगी, तुमालेच कावून लाज? उजवा प्लांटले देल्ला, डावा तरी आमाले द्या!"

मग त्यांनी घास उचलला. अर्धा भात छातीवर सांडला, अर्धा तोंडात गेला. तो गिळून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुले मी... उगाच मारलं रे."