हवेची आंघोळ

मिस्त्री तापट म्हणून कारखान्यात आधीच बदनाम होते. चहा गार आला तरी त्यांचं डोकं गरम व्हायचं. पण त्या दिवशी प्रशिक्षणाच्या वर्गातून ते उठले ते दार आपटूनच, आणि पुढे आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत.

वर्ग ॲस्बेस्टॉसचा होता. नव्याने नेमलेल्या सुरक्षा अधिकारी बाईंनी बॉयलरच्या पाइपांवरच्या पांढऱ्या वेष्टणाकडे बोट दाखवलं. ते फुटलं की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात, छातीत जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी माणसाला गाठतात, असं त्या म्हणाल्या. वेष्टण आधी भिजवायचं, खोली बंद करायची, योग्य मास्क लावायचा. "आणि एक गोष्ट कधीच करू नका. दाबाच्या हवेने कपडे झटकू नका."

मिस्त्रींनी नेमकं तेच केलं होतं. सव्वीस वर्षं, रोज.

पाळी सुटायची तेव्हा सगळे गिरणीतून पीठ दळून आल्यासारखे पांढरे असायचे. बायकापोरांसमोर माणसासारखं जावं, हा मिस्त्रींचा नियम. ते भिंतीवरची हवेची नळी काढत, जोडीदाराला गोल फिरवत आणि डोक्यापासून बुटापर्यंत झोडपत. या जोडीदाराला सगळे भोंगा म्हणत. बॉयलरच्या गोंगाटातही त्याची हाक फाटकापर्यंत जायची. "मिस्त्री, कान झाले, आता पाठ!" तो ओरडायचा आणि सगळे हसायचे. याला ते हवेची आंघोळ म्हणत. आता वर्षभर भोंगा घरी होता, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि पाणी हवं असलं की ताटली वाजवायचा.

त्याच्या आजाराची चौकशी बसली. कंपनीचं म्हणणं, हा विडीचा प्रताप. त्या पाळीतले बाकीचे कधीच पांगले होते; बॉयलरखान्यातल्या धुळीचे साक्षीदार उरले एकटे मिस्त्री. व्यवस्थापकाने त्यांना आत बोलावून बसायला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत ती कधी दिली नव्हती.

"त्या काळी कुणाला काय ठाऊक होतं, मिस्त्री?"

"धोक्याचं पत्रक तुमच्याच कपाटात निघालंय. त्यावर तारीख आहे. बाईंनी दाखवलं मला."

व्यवस्थापकाने पेन खाली ठेवलं. "सांगा की मग. पण नळी कुणाच्या हातात होती, हेही तिथे निघेल. त्याच्या बायकोला काय वाटेल?"

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर तो चोर, वर शिरजोर! पण घाव वर्मी लागला होता. निम्मा संताप स्वतःवरच होता, आणि तो काढायला जागा नव्हती.

ते तडक भोंग्याच्या घरी गेले. दारातच, चपला पायात तशाच ठेवून, त्यांनी वहिनींना सगळं सांगून टाकलं.

"भावजी, हे रोज कसे स्वच्छ घरी यायचे," त्या म्हणाल्या. "पोरं गळ्यात पडायची. मी शेजारणींना सांगायचे, असा मिस्त्री नशिबानेच मिळतो."

यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

आत ताटली वाजली. भोंग्याने सगळं ऐकलं होतं. मिस्त्री त्याच्या तोंडाशी कान नेऊन बसले. "सांगा," तो म्हणाला. मग दम घेतला. "सगळं."

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि पलीकडे व्यवस्थापक. मिस्त्री उभे राहिले ते बसलेच नाहीत.

"नळी माझ्या हातात होती! सव्वीस वर्षं मीच त्याला झटकलं. पहिल्या ओळीत हे लिहा. आता दुसरी ओळ लिहा. ती नळी मला यांनी दिली, आणि पत्रक कपाटात कोंबून ठेवलं!"

खिडकीच्या काचा थरथरल्या. बाहेरच्या व्हरांड्यात माणसं थबकली.

"हळू बोला, मिस्त्री," व्यवस्थापक म्हणाला.

"हळू कसं बोलू? दोघांचं बोलतोय मी."