शांतानं विचारलेला कोर्स

परवा सुनेनं चादरींले कांजी केली. तो आंबूस वास नाकात गेला अन् मी बसल्या जागी जरीपटका वस्तीतल्या आमच्या जुन्या खोलीत पोचलो.

तिथं एका दुपारी माझ्या ताटात जुन्या धोतराचा फडका उभा होता, कांजी केलेला, पंख्यासारखी घडी घातलेला. माझी बायको शांता डाव्या बाजूनं वरण वाढून राहिली होती. माझं कोपर तिच्या पळीले लागलं.

"हे काय नाटक आहे वं?"

"हाटेलात असंच वाढतात. सरकारी शाळा निघाली आहे. सहा महिन्यांचा वाढायचा कोर्स आहे, वर्षाचा रांधायचा. अवो, मी कोणता घेऊ?"

"दहा वर्षं मले जेवू घालून राहिली, आता शाळेत शिकणार काय? भात आण."

ती हसली. भात आणला, पण नेहमीच्या बाजूनं. कोर्सचं नाव पुन्हा काढलं नाही.

तेव्हा वाटलं, मी बरोबर बोललो. ती वारली त्याले आठ महिने झाले, अन् डोक्यात घोळ सुरू आहे. जाऊ का, असं तिनं विचारलंच नव्हतं. कोणता घेऊ, एवढंच विचारलं होतं. तिच्या हाताले चव होती म्हणून रांधायचा म्हणावं, तर वाढतानाच तिचा चेहरा खुलला होता. कोणता सांगावा, मले अजून ठरवता येत नाही.