दोन जावांचं सलाईन

आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर चार चेहऱ्यांचा एक तक्ता आहे. हसरा, रडका, रागावलेला आणि घाबरलेला. प्रशिक्षणात आम्हा सेविकांना सांगितलं होतं, की लेकरू आलं की त्याला विचारायचं, आज तुला कसं वाटतंय, आणि त्यानं तक्त्यावर बोट ठेवायचं. लहानपणी स्वतःच्या भावना ओळखता आल्या की मोठेपणी माणूस सुखी होतो म्हणे. आमच्या एका लेकरानं पहिल्याच दिवशी रागावलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवून "ह्यो आमचा आबा" म्हणून सांगितलं. रडक्याला भूक लागलीय यावर सगळ्यांचं एकमत झालं. मी मोठ्या चिकाटीनं त्यांना समजावत होते, की राग वेगळा आणि दुःख वेगळं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, ही म्हण ज्यानं केली तो एकदा तरी आमच्या बाळापूरकडच्या अंगणवाडीत डोकावून गेला असणार.

कारण त्याच दिवसांत माझी धाकटी जाऊ घर सोडून हिंगोलीला निघाली होती आणि मला वाटत होतं की मला आनंद झालाय.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे. विषयांना तोटा नाही. ती भाजीत शेंगदाण्याचा कूट इतका घालते की आत वांगं आहे की दोडका हे खाल्ल्यावरही कळत नाही. गॅसवर दूध ठेवून मोबाईल बघत बसते, आणि दूध उतू गेलं की भांड्याला नावं ठेवते. तिचं म्हणणं, मी सगळे डबे मुद्दाम वरच्या फळीवर ठेवते, तिचा हात पुरू नये म्हणून. हे साफ खोटं आहे. हात पुरत नाही हा तिच्या उंचीचा दोष, त्याला मी काय करणार?

तर धाकट्या दिराला हिंगोलीच्या मोंढा बाजारात, हळदीच्या एका अडत दुकानात काम लागलं. रोज एसटीनं जाऊन येऊन तो मेटाकुटीला आला. एका सकाळी भाकरी थापता थापता धाकटी म्हणाली, "आक्का, हिंगोलीतच खोली बघावं म्हणून राहिलेत हे. तुमाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? जा की! मी काय तुझ्या पायात दोर बांधलाय?"

तिनं भाकरी तेवढी तव्यावर आपटली. मी मनात म्हटलं, बघा, हिचा आनंद पोटात मावेना.

मग मीही मागं राहिले नाही. आता घर कसं शांत होईल, दूध भांड्यातच राहील, भाजी भाजीसारखी दिसेल, असं मी भेटेल त्याला सांगत सुटले. फक्त जेवण जाईना. छातीवर कुणी वरवंटा ठेवल्यासारखं व्हायचं. शेळीनं दोरीला जरा हिसका दिला तर मी तिच्यावर अशी ओरडले, की नंतर ती माझ्या हातचा पाला खाईना. नवऱ्यानं जपून विचारलं, "तुला कशाचा राग आलाय का?"

"मला काहून राग यील? मी खुशीत हाय!"

हे मी इतक्या जोरात सांगितलं की शेजारची म्हातारी काठी टेकत बघायला आली.

सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. त्यांनी मीठ, मोहरी आणि मिरच्या माझ्यावरून उतरवून विस्तवात टाकल्या. नजर असेल तर मिरच्या जळल्या तरी ठसका लागत नाही म्हणतात. आमच्याकडं सासूबाईंसकट सगळं घर खोकत अंगणात आलं. म्हणजे नजर नव्हती. मग नवऱ्यानं पित्त ठरवलं. आमच्या घरात ज्या दुखण्याला नाव सापडत नाही ते पित्त. सासरे गेले तेव्हा ह्या माणसाच्या डोळ्याला पाण्याचा थेंब आला नाही, पण तेराव्यापर्यंत त्याला पित्त मात्र जबरदस्त झालं होतं.

शेवटी मला बाळापूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बीपी पाहिलं, जीभ पाहिली आणि विचारलं, "घरात काही टेन्शन?"

"टेन्शन कसलं? उलट जाऊ चालली ना घरातून!"

डॉक्टरांनी नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं पंख्याकडं पाहिलं. "सलाईन लावू," डॉक्टर म्हणाले. आमच्याकडं बाटली लागल्याशिवाय माणूस बरा होत नाही, हे ते जाणून आहेत.

जवळ बसायला धाकटी आली होती. सुई टोचून होते न होते तोच तिनं तोंड सोडलं. "उपाशीपोटी दिवसभर हिंडायचं, मंग दुसरं काय व्हनार?"

"तू गेलीस की जेवीन पोटभर."

ती पाणी आणायला म्हणून स्टुलावरून उठली आणि तिचा झोक गेला. नर्सनं धरलं म्हणून बरं. धाकटीही धड जेवत नव्हती, तिला झोप नव्हती, हे ती डॉक्टरांना सांगत होती तेव्हा मला कळलं. एका घरात राहून मला पत्ता नव्हता. डॉक्टरांनी तिलाही विचारलं, "तुम्हाला काही टेन्शन?"

"न्हाई बा. मी तर हिंगोलीला चालले. मला कशाची तकलीफ?"

डॉक्टरांनी शेजारच्या खाटेवर दुसरी बाटली टांगली.

पडल्या पडल्या माझ्या बाटलीकडं बघून ती म्हणाली, "आक्का, तुमची बाटली लई हळू चालून राहिली."

"माझी बराबर चालू हाय. तुझीच पळून राहिली. जायची घाई हाय ना."

"घाई मला हाय का तुमाला?"

नर्स येऊन म्हणाली, पेशंटला आराम करू द्या. दोघीही पेशंट असल्यामुळं ती कुणाला बोलली ते काही ठरेना, म्हणून आम्ही पुढं चालू ठेवलं. तेवढ्यात नवरा बिस्किटांचा पुडा घेऊन आला. दोन्ही खाटांकडं बघून त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे आज सैपाक कोन करनार?" त्यावर आम्ही दोघींनी मिळून त्याला जे ऐकवलं, त्यानं तो बिस्किटांसकट बाहेर गेला. आम्ही हसलो. हसता हसता धाकटीची सुई हलली, तर पुन्हा दोघीच हसलो. बाटली संपेपर्यंतचा तो वेळ फार बरा गेला. घरी येऊन मी दोन भाकरी खाल्ल्या आणि सगळ्यांना सांगितलं, सलाईनचा गुण आला.

मग टेम्पोचा दिवस उजाडला. सकाळपासून माझं डोकं फिरलेलं. टेम्पोवाल्यानं कपाट आडवं ठेवलं म्हणून त्याच्यावर ओरडले, दोरी कुजकी आणली म्हणून दिरावर ओरडले. गाद्या, भांडी, तिच्या लेकरांच्या सायकली, सगळं चढलं. धाकटी लेकरांना घेऊन पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. मी खाली उभी राहून तिला बजावत होते, की नळाला पाणी आलं की आधी पिण्याचं भर, गॅसवर दूध ठेवून जागची हलू नको.

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "जाऊन राहिली ना आता ती? मंग एवढी काहून वरडून राहिली?"

राग आलाय, असं सांगायला मी तोंड उघडलं. निघालं ते भलतंच.

"मला करमनार न्हाई हिच्याबिगर."

टेम्पोवाल्यानं सुरू केलेली गाडी बंद केली. मला काय झालं कुणास ठाऊक, पदर तोंडात कोंबून मी रडायला लागले. पित्त नाही, नजर नाही. मला वाईट वाटत होतं. रोज पोरांना तक्त्यावर बोट ठेवायला लावणारी बाई, तिला हे कळायला टेम्पो दारात यावा लागला.

धाकटीनं खिडकीतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं. तिचेही डोळे वाहत होते, पण आवाज चिडल्यासारखा होता.

"आक्का, मंग तवा काहून न्हाई बोलल्या?"

"कवा?"

"खोलीचं काढलं तवा. मी इचारलं व्हतं की, तुमाला काय वाटतं. तुमी नगं म्हणल्या असत्या तर मी ह्यांना जाऊ दिलं नसतं. तुमी जा म्हणल्या. मला वाटलं, मी नकोशी झाले तुमाला."

सगळा संसार वर दोरीनं बांधला होता. हिंगोलीची खोली झाडून, लेकरांची नावं शाळेत घालून झाली होती. उतर म्हणायची सोय राहिली नव्हती.

"मलाबी तवा ठाऊक न्हवतं गं," मी म्हणाले.

माझ्या प्रत्येक बोलण्याला उलटं उत्तर देणारी ती बाई, माझं मनगट धरून नुसती बसून राहिली.