गिरणी सुरू व्हायच्या आधी

शेवंताबाईच्या अंगणवाडीत चौतीस मुलं होती. तेहतीस जणांची तिला काळजी वाटायची. चौतिसावीची मात्र भीती वाटायची.

एरंडोलपासून दोन कोसांवरचं गाव, साल १९८९. अंगणवाडी मारुतीच्या देवळामागच्या खोलीत भरायची आणि खोलीमागे होती गावविहीर. बाया दिवसभर चारही बाजूंनी पाणी शेंदत, म्हणून तिला कठडा नव्हता. चौतिसावी होती हिरकन. पाच वर्षांची, काटकुळी, तोंडातून एक शब्द नाही. गोणपाटावर बसून खडे ओळीनं मांडत राहायची. मग एकाएकी चेहरा पालटायचा. किंचाळायची, आडवा येईल त्याला कडकडून चावायची आणि दाराबाहेर सुटायची. थेट विहिरीकडे!

पहिल्या वेळी शेवंताबाईनं तिला काठाच्या हातभर अलीकडे झग्याला धरून मागं खेचलं. त्या रात्री डोळे मिटले की समोर काळं पाणी.

दुसऱ्या दिवशी हिरकनची आई कमलबाई कापूस वेचायला निघता निघता जुन्या लुगड्याची मऊ पट्टी घेऊन आली.

"तिले बांधी ठेव अक्का. मी वावरमा तिले बाभूळले बांधस. मना जीवले घोर नको."

वेचणीच्या दिवसांत लेकराला असं बांधणं हे कोणालाच वावगं वाटत नसे. शेवंताबाईनं हिरकनच्या कमरेला पट्टी बांधली, दुसरं टोक दाराच्या खांबाला. पोर गुरासारखी ओढ घ्यायची, खांबावर डोकं आपटायची. मदतनीस धुरपदाबाई लांबूनच सुकडीची वाटी सरकवायची. "अक्का, हाई पोर नही, पिसाळेल मांजर शे!" शेवंताबाईला चीड यायची, पण निदान पोर जिवंत तरी आहे, असं म्हणून ती पट्टीची गाठ तपासायची.

मग जळगावला, पिंप्राळ्याच्या समाजमंदिरात, सेविकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. शिकवायला नेवेबाई, ठेंगण्याठुसक्या, आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. त्यांनी विचारलं, "कोणाच्या अंगणवाडीत आवरत नाही असं मूल आहे?"

साठ बाया माना खाली घालून वह्या चाळू लागल्या. खरं सांगितलं तर नोकरी जाईल, हे शेवंताबाईला ठाऊक होतं. न सांगावं, तर जायचं कुठं? शेवटी तिनं हात वर केला. चावणं, विहीर, पट्टी, सगळं तिनं सांगितलं.

नेवेबाई रागावल्या नाहीत. त्यांनी शेवंताबाईचाच पदर खिडकीच्या गजाला बांधला आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "चला, फुगडी घाला." बाया हसत-खिदळत फेर धरू लागल्या. कोणी तिच्याकडे बघेना. दोनच मिनिटं झाली असतील; शेवंताबाईनं ओढ घेतली आणि पदर टरकन फाटला. हसणं थांबलं.

"विहिरीची भीती खरी आहे, बाई," नेवेबाई हळू बोलल्या. "पण पोर कशाला भिते, ते तुम्ही पाहिलंत का? आठ दिवस फक्त बघा, ओरडण्याच्या आधी काय होतं. आणि पळालीच, तर मागे धावू नका. धावलात, की ती आणखी पळेल."

सांगणाऱ्याचं काय जातं, असं शेवंताबाईला परतीच्या एस.टी.त वाटत राहिलं. तरी सोमवारी तिनं पट्टी सोडली आणि धुरपदाबाईला दारात पाय पसरून बसवलं.

चौथ्या दिवशी तिला दिसलं. हिरकननं खड्यावरून मान उचलली, कान टवकारले. अजून काहीच ऐकू येत नव्हतं. मग शेजारच्या चुडामणच्या पिठाच्या गिरणीत हँडल फिरलं आणि इंजिन पुक्‌पुक् करत खोलीच्या भिंतीत शिरलं. पोरीची किंकाळी आणि ते इंजिन एकदमच सुरू झालं.

शेवंताबाई तडक गिरणीत गेली आणि अंगणवाडी सुटेपर्यंत इंजिन बंद ठेवायला सांगितलं. चुडामण पिठानं पांढरा झालेला. "एक पोरसाठे बठ्ठा गावनं दळण थांबाडू का मी? उद्या म्हनशी, कोंबडाले आरू देऊ नको!" दळणाला आलेल्या बाया फिदीफिदी हसल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा इंजिन सुरू झालं. हिरकन धुरपदाबाईच्या मनगटाला चावली आणि निसटली. शेवंताबाई बाहेर आली तेव्हा पोर विहिरीच्या काठाला पोचली होती. पायाखालची माती सुटून पाण्यात पडल्याचा आवाज आला. पाणी शेंदणाऱ्या बाया ओरडल्या आणि हिरकन वळून आणखी एक पाऊल मागं, पाण्याकडे सरकली.

"गप्प!" शेवंताबाईनं हात उभारून बायांना थोपवलं. धावावं, की थांबावं? पाय पुढं ओढत होते. तिनं ते दुमडले. दहा पावलांवर धुळीत बसली, आपले दोन्ही कान तळहातांनी घट्ट दाबले. डोळे पोरीवर खिळलेले. आता पोर पडली, तर शेवंताबाई मुळीच पोचणार नव्हती.

गिरणीच्या दारातून चुडामणनं हे पाहिलं. आत धावला. इंजिन धापा टाकत थांबलं.

हिरकन शेवंताबाईच्या कानांवरचे हात बघत राहिली. मग तिनंही आपले हात कानांवर नेले आणि काठ सोडून एकेक पाऊल टाकत आली, तिच्यासमोर बसली. शेवंताबाईनं तिला जवळ घेतलं नाही. तेवढं बळच उरलं नव्हतं.

संध्याकाळी चुडामण देवळापाशी आला. "अक्का, पोरं घर जातीन तवय चालू करसू. बाराले. लोके शिव्या दिथीन, देऊ द्या."

दोन दिवसांनी विहिरीच्या देवळाकडच्या बाजूला बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण उभं राहिलं. ते कमलबाईनं स्वतः घातलं, वेचणीचा एक दिवस मोडून.

हिरकन त्यानंतर दोन वर्षं अंगणवाडीत आली. कधी कधी पळायची, चावायचीही. शेवंताबाई पुढे कितीतरी नव्या सेविकांना शिकवायला जायची. एकीनं विचारलं, "अक्का, भीती गेली कशी?"

"गेली कुठं?" ती म्हणाली. "आजही दार उघडं दिसलं, की आधी पोरं मोजते."