सोनेरी कप्तान वाणात गेली

कार्डं जमवायचा नाद मला सत्तरी उलटल्यावर लागला. क्रिकेटची कार्डं. छोट्या पाकिटात येतात, प्रत्येकावर एका खेळाडूचा फोटो, मागे तिच्या धावा आणि बळी. ‘तिच्या’ म्हणते, कारण मी बायकांचीच टीम जमवते. पुरुष टीव्हीवर दिवसभर दिसतात, दाढी करतानासुद्धा. त्यांना आणखी घरात कशाला आणायचं?

सुरुवात दुधाच्या दुकानात झाली. दुकानदाराकडे सुट्टे नव्हते. एरवी तो टॉफी देतो, पण मला दात किती आहेत हे त्याला ठाऊक आहे, म्हणून त्याने कार्डांचं पाकीट दिलं. घरी येऊन फोडलं, तर आतून एक लांब वेणीची पोरगी हवेत झेप घेऊन चेंडू पकडत होती. मी तशीच चप्पल घालून परत गेले आणि आणखी पाकिटं आणली.

पाकीट फोडायची रीत असते. कात्री लावायची नाही, कार्डाचा कोपरा जातो. वरची शिवण दोन बोटांनी ओढायची, कार्डं पाठमोरी बाहेर काढायची आणि एकेक उलटायचं. नव्या छपाईचा वास येतो. मधल्या काळात स्वयंपाकघरात कुकरच्या कितीही शिट्ट्या होऊ देत, माझ्या कानावर येत नाहीत.

मी चौथीपर्यंत शिकले. कार्डांवर इंग्रजी असतं, ते मला वाचता येत नाही. पण आकडे येतात, चेहरे लक्षात राहतात, आणि कोण कुठल्या हाताने चेंडू टाकते ते फोटोत दिसतंच.

एकटीने जमवण्यात मजा नव्हती. म्हणून खालच्या मजल्यावरच्या पंजाबिणीला मी नादाला लावलं. ती माझ्याच वयाची, माझ्यासारखीच विधवा, आणि आवाज असा की आमच्या दिल्लीतल्या डीडीए कॉलनीत पाण्याचा टँकर आला की लोकांना हॉर्न ऐकायची गरज पडत नाही. तिच्या मुलाचं करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. येताना तो आईला पाकिटांचा डबाच घेऊन येतो. पण तिला टीम वगैरे नको. तिला फक्त सोनेरी कार्डं हवीत. सोनेरी कार्ड क्वचित निघतं. उन्हात धरलं की समोरच्या भिंतीवर कवडसा नाचतो, आणि तो नाचवत ती तासभर बसू शकते.

थंडीत ऊन पडलं की आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका गच्चीवर चढतात. चटया पसरतात, मटार सोलतात, शेंगदाणे खातात. आमचा बाजार तिथेच भरायचा.

‘‘एक विकेटकीपर के बदले तीन बॉलर? बहनजी, लूट मचा रखी है क्या?’’ ती ओरडायची.

‘‘तेरे बॉलर तो पानी पिलाने वाले हैं,’’ मी म्हणायची. ‘‘तीन दे, नहीं तो जा.’’

ती उठून जायची. जिन्यापर्यंत जायची, परत यायची. ‘‘अच्छा, दो ले लो.’’ शेंगदाण्यांची टरफलं आणि कार्डं एकमेकांत मिसळायची. बाकीच्या बायका मटार सोडून आमच्याकडे बघत बसायच्या आणि दोन्ही बाजूंनी मत द्यायच्या.

जानेवारीत माझ्या पानावर दहा जणी झाल्या. अल्बमच्या त्या पानाला अकरा खिसे. उरली होती एकच, डावखुरी फिरकी गोलंदाज. ती माझ्या एकाही पाकिटातून निघेना. पंजाबिणीकडे होती. पानावर माझी साधी कप्तान होतीच, शिवाय एक सोनेरी कप्तानही निघाली होती, जी तिच्याकडे नव्हती. पंधरा दिवस घासाघीस करून सौदा ठरला: कप्तान तिला, डावखुरी मला, रविवारी सकाळी गच्चीवर. शनिवारी मी सोनेरी कप्तानला अल्बमच्या मागच्या खिशातून काढलं आणि दोनदा निघालेली डबल कार्डं ज्या मिठाईच्या डब्यात ठेवते, त्यात सगळ्यात वर ठेवलं, म्हणजे सकाळी शोधाशोध नको.

शनिवारीच सुनेचं हळदीकुंकू होतं. संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत आमच्या बायका एकमेकींना बोलावतात, हळदकुंकू लावतात, तिळगूळ देतात आणि काहीतरी छोटी वस्तू हातावर ठेवतात. ते वाण. सून दिल्लीतच वाढलेली, पण हे तिने सोडलेलं नाही. वाणासाठी तिने सरोजिनी नगरहून केसांच्या क्लिपा आणल्या होत्या. मीच तिला म्हटलं होतं, ‘‘क्लिपेबरोबर माझं एकेक डबल कार्ड पण दे, बायकांना गंमत वाटेल.’’

‘‘आई, तुम्ही पण बाहेर बसा ना,’’ ती म्हणाली. ‘‘विधवा-बिधवा आता कोण मानतं यार!’’

‘‘मानत मी पण नाही,’’ मी म्हटलं. ‘‘पण तुझ्या मैत्रिणींत एखादी मानणारी निघाली, तर मी तिला बोलेन आणि तुझा कार्यक्रम बिघडेल. शिवाय मॅच आहे.’’

मी आत मॅच बघत बसले. बाहेर सुनेने डबा उघडला आणि वरून एकेक कार्ड वाटत गेली. पंजाबीण सगळ्यात आधी आली होती. तिची सवयच आहे.

मॅच संपली, बायका गेल्या, आणि दारात पंजाबीण उभी. कपाळावर कुंकू, केसात नवी क्लिप, आणि हातात माझी कप्तान. भिंतीवर कवडसा नाचवत होती.

‘‘लो जी! आपकी बहू तो बड़ी दिलदार निकली!’’

मी सुनेकडे बघितलं. सून डब्याकडे बघत होती. ‘‘आई, मला काय माहीत! सगळी सेमच दिसतात.’’

‘‘इधर ला,’’ मी हात पुढे केला.

तिने हात पाठीमागे घेतला. ‘‘ना जी. आपकी बहू ने ही बताया, वाण वापस नहीं लेते. पाप लगता है.’’

सुनेने मान खाली घातली. क्लिप परत करणाऱ्या कोणा मैत्रिणीला तिने नुकतंच हे ऐकवलं होतं. आता कप्तान पण पंजाबिणीची, डावखुरी पण तिचीच, आणि माझ्याकडे सौद्याला काही उरलं नाही. मला हसूही येत होतं आणि तिचे केस ओढावेसेही वाटत होते.

‘‘ठीक है,’’ मी म्हटलं. ‘‘रख ले. पर जिसने वाण लिया, उसको भी हळदीकुंकू करना पड़ता है. सबको बुलाना, सबको वाण देना. नहीं किया तो लोग बोलेंगे, पंजाबी को सिर्फ लेना आता है.’’

ती लाल झाली. ‘‘हम? हमको सिर्फ लेना आता है? अगले संडे! छत पर! पूरी बिल्डिंग!’’

आणि तिने केलं. गच्चीवर गाद्या घातल्या, गाजराचा हलवा आणि छोल्यांचं एवढं मोठं पातेलं आणलं, मोबाइलवर भांगडा लावला. दोघी-तिघी मराठी बायका बिचकून एका कोपऱ्यात बसल्या. हळदीकुंकवात भांगडा त्यांनी पाहिला नव्हता. पंजाबीण ताट घेऊन निघाली आणि थेट माझ्यासमोर आली. कुंकवात अख्खं बोट बुडवलं.

कोपऱ्यातली एक म्हणाली, ‘‘अहो, आजींना नाही लावत...’’

‘‘क्यों नहीं? मैं भी विधवा हूँ. मुझे तो इनकी बहू ने लगाया, मज़ा आया.’’

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, ‘‘डावखुरी देणार असशील तर तोंडभर फास.’’ सुनेने हिंदीत सांगितल्यावर पंजाबीण इतकी हसली, की कुंकू कपाळाऐवजी माझ्या नाकाला लागलं.

मग तिने माझ्या हातावर वाण ठेवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मी फोडलं. आत कप्तान होती, माझी सोनेरी कप्तान.

‘‘वापस नहीं किया,’’ तिने बोट उगारलं. ‘‘वाण दिया है, नया वाला. मुफ्त में मिली तो हफ्ता भर मज़ा ही नहीं आया. अब बैठो, ढंग से सौदा करो.’’

मी मांडी घातली. आता माल माझ्या हातात होता आणि गरज तिला होती.

‘‘डावखुरी, और दो ओपनर,’’ मी म्हटलं.

‘‘क्या? पिछले हफ्ते तो सिर्फ एक में तय था!’’

‘‘पिछले हफ्ते भांगडा नहीं था. भाव बढ़ गया.’’

बायकांनी ताटल्या घेऊन आमच्याभोवती कोंडाळं केलं. बिचकलेल्या मराठी बायकाही पुढे सरकल्या. त्यातलीच ती मघाची म्हणाली, ‘‘आजी, विकेटकीपर पण मागा!’’ पंजाबीण दोनदा उठून जिन्यापर्यंत गेली. छोले थंड झाले. शेवटी डावखुरी आणि एक ओपनर यावर आम्ही हातावर हात मारला.

सुनेने पळत जाऊन अल्बम आणला. अकराव्या खिशात कार्ड सहज जाईना, प्लॅस्टिक चिकटलं होतं. मी फुंकर मारून ते उघडलं आणि डावखुरीला आत सरकवलं. मग पान उघडं धरून गच्चीवरच्या प्रत्येकीला दाखवत फिरले, ज्यांना क्रिकेट कळत नाही त्यांनाही.