नानीनं हात वर केला होता

१. नानीच्या खांद्यावरची गाठ कॅन्सरची होती. तेवढाच भाग बधिर करून ती काढायची होती.
२. अर्ध्यावर बधिरपणा उतरला. नानीनं हात वर केला.
३. तो हात टेबलाला बांधला गेला.
४. ती ओरडली, झटापट झाली. अर्धी गाठ तशीच राहिली.
५. नानी पुन्हा त्या टेबलावर झोपली नाही. आज तिला जाऊन वर्ष झालं.

हात का वर केला, ते सांगते.

नानी लहान होती तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं. पायात काच घुसली म्हणून वडिलांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. बधिर करायच्या औषधात जे दुसरं औषध मिसळतात, ते महायुद्धामुळं येत नव्हतं.

डॉक्टरांनी तिला खरं ते सांगितलं.
"बेटी, जोड की दवा नहीं है. सुई जल्दी उतरेगी. दुखा तो हाथ ऊपर कर, मैं रुक जाऊँगा."

ती हात वर करायची, ते थांबायचे. पुन्हा टोचायचे, मग काच शोधायचे.
काच निघाल्यावर म्हणाले, "अब नीचे कर, वरना सलाम समझूँगा."

नानीला वाटायचं, हा सगळ्याच डॉक्टरांचा कायदा आहे.

मी अॅनेस्थेशिया टेक्निशियन आहे. गाठीच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिला समजावलं.
लिग्नोकेननं कातडी बधिर होते, पण रक्त ते लवकर वाहून नेतं. त्यात अॅड्रिनलिन मिसळलं की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर टिकतं. रक्तस्रावही कमी होतो.

"मतलब वो जोड की दवा आ गई क्या अब?"
"कधीच आली, नानी."
"लई शिकली गे तू. उतरी तो किसके कान पकडूँ, तेरे की डॉक्टर के?"
"नाही उतरणार."

मला आत येऊ दिलं नाही. नातेवाईक बाहेर.
दारातून नानीचा आवाज आला. मग डॉक्टरांचा: "ओ आजी, नाटक नका करू. इंजेक्शन दिलंय ना?"

नंतर सिस्टर हळूच म्हणाली, "साधंच भरलं होतं ताई. मिक्सची बाटली खाली स्टोअरमध्ये होती. सरांना घाई होती."

स्टोअर एक मजला खाली.

साधं लिग्नोकेन देणं चूक नाही. ते लवकर उतरतं, एवढंच. उतरलं की मर्यादेत पुन्हा द्यायचं असतं.

नानी घरी आली. ना माझ्यावर रागावली, ना त्यांच्यावर.
"उसकू कोई सिखायाच नई गे, हात ऊपर किये तो रुकना करके. मैं नई जाती अब."

मी दुसरं हॉस्पिटल सुचवलं, आत मी स्वतः उभी राहीन म्हटलं. ती नुसतं "नक्को" म्हणायची. गाठ वाढत गेली.

डॉक्टर, तुम्ही माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहात. काल तुम्ही 'पेनलेस सर्जरी'ची जाहिरात टाकली. खाली आमच्याच गल्लीतल्या दोघांनी अपॉइंटमेंट मागितली आहे.

म्हणून इथंच विचारते. अॅड्रिनलिनचं मिश्रण वर का मागवलं नाही? बधिरपणा उतरल्यावर दुसरा डोस का दिला नाही?

नानी, तुझ्या कबरीत तुला आराम मिळो.

डॉक्टर, उत्तर लेखी हवं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत.