काळ्या स्क्रीनचे बारा दिवस

अमरावतीला आमच्या संस्थेची हेल्पलाइन एका खोलीत चालायची. दोन फोन, एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि फोन घेणारी एक बाई. मी कार्यालय सांभाळायचे. शेतीची ती वर्षं वाईट होती. अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांतून फोन यायचे, आणि ते बहुतेक घरच्या बायकांचे असायचे. घरातला माणूस बोलेनासा झाला, जेवेनासा झाला, की त्या कुणाच्या तरी मोबाइलवरून हळू आवाजात विचारायच्या, आता काय करू.

फोन घेणारी आमची ऑपरेटर जन्मापासून अंध होती. बार्शीटाकळीकडची, तिशीतली. अंध शाळेत टाइपिंग शिकलेली, आणि एकदा ऐकलेला आवाज कधी न विसरणारी. फोन संपला की ती मला तोंडी सांगायची, मी रजिस्टरात उतरवायचे. तीन वर्षं हे सुरळीत चाललं. मग निधी देणाऱ्यांचा नियम आला. ज्याने फोन घेतला त्यानेच नोंद करायची, तीही कॉम्प्युटरवर, मध्ये तिसरं माणूस नको. नियम योग्यच होता. पण आमचे सचिव मला बाजूला घेऊन म्हणाले, "बारा दिवसांनी सोमवार आहे, त्या दिवसापासून लागू. तिला जमलं तर उत्तम. नाही जमलं तर डोळस माणूस घ्यावा लागेल. मलाही बरं वाटत नाही, पण नाइलाज आहे."

मी तिला ते जसंच्या तसं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माही मैत्रीण आहे अकोल्याले, थे बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर काम करते. फुकटची सिस्टीम आहे, लिनक्स. अक्षर दाबलं की वाचून दाखवते, मराठीत. कोणत्या कळा दाबाच्या थे मले मैत्रिणीनं शिकवलं आहे. तुमी फक्त मशीन द्या."

मशीन होतं. कुणीतरी देणगीत दिलेला एक छोटा लॅपटॉप कपाटात पडून होता. आठ-आठ तासांच्या भारनियमनात बॅटरीवर चालणारी तेवढी एकच वस्तू आमच्याकडे होती. त्यातली जुनी सिस्टीम मात्र इतकी रखडायची की बोलणारा प्रोग्रॅम एका शब्दाला अर्धा मिनिट घ्यायचा. म्हणजे नवी सिस्टीम बसवणं आलं. मी वही काढली आणि यादी केली. मेमरी, बॅटरी, चार्जर, मराठी कळफलक, मराठी आवाज, पेन ड्राइव्ह, सरावाला चार दिवस. एकवीस कलमं झाली. दुसऱ्याच दिवशी ती यादी आणि लॅपटॉप घेऊन बसने अकोल्याला गेले.

तिथे माझ्या ओळखीचे एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाले होते. पन्नाशीचे, शांत हाताचे. सगळी बाजारपेठ त्यांना भाई म्हणायची, मीही. दुकानाच्या एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला जनरेटर. तिथे ओरडल्याशिवाय बोलणं होत नसे. भाईंनी लॅपटॉप उलटा केला, मागचा कागद वाचला आणि मान हलवली.

"मॅडम, याच्यातली चित्राची चिप मोठी बेईमान आहे. लिनक्सवाले तिले ओळखतच नाही. कशाले त्रास घेता? दुसरी मशीन पाहा."

"दुसरी नाही. हीच चालवून द्या."

"कोशिश करतो. पण वादा नाही."

पुढचे दिवस एकसारखेच गेले. सिस्टीम बसवताना स्क्रीनवर जाडंभरडं का होईना, चित्र दिसायचं. बसवून झालं की मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं, आणि तिथे सगळं संपायचं. पंखा फिरतोय, हिरवा दिवा लुकलुकतोय, स्क्रीन काळी. भाईंनी ते पुसून जुनी आवृत्ती टाकली. काळी. सुरुवातीला कसलासा एक खास शब्द टाइप करून पाहिला. काळी. बाहेरचा मॉनिटर जोडला, तोही काळा. दर वेळी सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून बसवायचं. मी दोनदा बसने जाऊन आले, बाकीचे दिवस फोनवर. "काय झालं भाई?" "वही मातम, मॅडम. काळीच."

ऑपरेटर रोज विचारायची, "बोलली का मशीन?" मी म्हणायचे, "अजून नाही, होईल." त्यापुढे काही सांगायचे नाही. तांत्रिक बाबी सांगून तिला उगाच घोर कशाला लावायचा, असा माझा हिशेब.

शनिवारी, म्हणजे मुदतीला दोन दिवस उरले असताना, मी अकोल्याहून लॅपटॉप परत आणला. भाईंनी पाचव्यांदा सिस्टीम बसवली होती, पासवर्ड न विचारता थेट आत जाईल अशी सोयही केली होती, आणि स्क्रीन काळीच होती. "मॅडम, माफ करा. ही नाही होत," असं म्हणून त्यांनी तो स्वतःच्या हाताने माझ्या पिशवीत ठेवला होता. मूर्तिजापूर येईपर्यंत मी सोमवारी तिच्याशी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. पहिल्यांदाच मी काही वहीत लिहिलं नाही.

दुपारी कार्यालयात पोचले. ती गावाला जायला निघायच्या तयारीत होती. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "नाही झालं. पाच वेळा बसवून पाहिलं."

"नाई झालं म्हंजे? सुरूच होत नाई?"

"सुरू होतो. पण स्क्रीन काळी राहते."

"आन् आवाज?"

मला प्रश्नच कळला नाही.

तिने पिशवी खाली ठेवली, चाचपत लॅपटॉप जवळ ओढला, बटण शोधून दाबलं आणि कान मशीनच्या कडेला लावला. लाइट गेलेले होते, त्यामुळे छताचा पंखाही बंद. खोलीत अगदी शांत होतं. एखादं मिनिट गेलं. मग मलाही ऐकू आला, लांबून कुणी ढोलकीवर दोन थापा माराव्यात तसा बारीक आवाज.

"हे त सुरू झालं," ती म्हणाली. "मैत्रिणीची मशीनबी अशीच वाजते."

"अगं, पण स्क्रीन काळी आहे. पूर्ण काळी."

"काळी म्हंजे कशी असते थे मले काय ठाव, मॅडम?"

असं म्हणून तिने मैत्रिणीने शिकवलेल्या तीन कळा एकदम दाबल्या. काही झालं नाही. पुन्हा दाबल्या. आणि त्या मेलेल्या, काळ्याठिक्कर लॅपटॉपमधून एक घोगरा, यंत्रासारखा पुरुषी आवाज मराठीत बोलू लागला. तिने बाण दाबला, तो बोलला. एक रिकामं पान उघडलं, तो बोलला. तिने स्वतःचं नाव टाइप केलं, आणि त्याने ते अक्षर-अक्षर करून वाचलं.

मी खुर्चीवर बसले. आनंद वगैरे त्या क्षणी झालाच नाही. मशीन चालत होतं. बहुधा पहिल्या दिवसापासून चालत होतं. चांगली चालती सिस्टीम आम्ही दोन शहाण्या माणसांनी चार वेळा पुसून टाकली होती, आणि पाचवीवर फुली मारून मी ती घेऊन आले होते.

ती हसत होती. "काय वो मॅडम, दहा दिवस काय पाहून राहिले होते तुमी दोघं?"

"स्क्रीन."

"आन् वापरणार कोण होतं? तुमी?"

मी भाईंना फोन लावला. मशीन बोलतंय, आणि आमची ऑपरेटर अंध आहे, हे गिरणीच्या आवाजात दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"मतलब, चलानेवाली बाई को दिखता नहीं?" भाई धक्का बसला की पूर्ण हिंदीत जायचे. "और ये आप मुझे आज बता रही हैं?"

"मी यादीत लिहिलं होतं ना, मराठी आवाज म्हणून!"

"मले वाटलं फोन ऐकासाठी लागते! मॅडम, एक बार बोल देतीं, तर मी स्क्रीनकडे पाहिलंच नसतं. कान लावला असता."

ते खरं होतं. एकवीस कलमांत ती अंध आहे हे कुठेच नव्हतं. आम्हाला ते इतकं सवयीचं झालेलं की लिहायचं सुचलं नाही, असं मी भाईंना म्हटलं. पण ते अर्धंच खरं होतं. परक्या माणसापुढे तिच्या डोळ्यांचा विषय नको, असं मीच परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि त्याहून मोठा धक्का मला फोन ठेवल्यावर बसला. ती दर शनिवारी बार्शीटाकळीला जाताना अकोल्यातच गाडी बदलायची. मधल्या शनिवारी ती आणि तो लॅपटॉप एकाच गावात होते. तिला फक्त "दुकानात डोकावून जा" म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. मशीन तिचं, नोकरी तिची, आणि दहा दिवसांत मी तिला एकदाही त्या मशीनला हात लावू दिला नव्हता.

ती त्या शनिवारी गावाला गेली नाही. रविवारभर सराव केला.

सोमवारी सचिव आले. त्यांनी स्क्रीन पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. "हे तर बंद आहे."

"सुरू आहे," मी म्हटलं. "दिसत नाही, एवढंच."

"पण ती काय लिहिते ते कळणार कसं?"

"तुमाले वाचाचं असन त पेन ड्राइव्हवर देते," तिने परस्पर उत्तर दिलं. "मॅडमच्या कॉम्प्युटरवर पाहा. माह्या मशीनवर डोळ्याचं काय काम?"

सचिव काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. तिने एका कानाला रिसीव्हर धरला, दुसऱ्या कानात लॅपटॉपचा इअरफोन घातला, आणि आम्हाला हाताने बाहेर जायची खूण केली. आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. आतून शब्द कळत नव्हते, तिचा संथ आवाज आणि मध्ये-मध्ये कळांची खटखट. वीस-पंचवीस मिनिटांनी तिने दार उघडून पेन ड्राइव्ह पुढे केला. नोंदी वाचायचा अधिकार सचिवांना होता. ते माझ्या कॉम्प्युटरपाशी बसले.

फोन मोर्शीकडच्या एका बाईचा होता. संत्र्याची बाग वाळलेली. नवरा सकाळी मोबाइल घरी ठेवून कुणाला न सांगता निघून गेलेला. नोंदीत पुढे सगळं क्रमाने होतं: कोणत्या वाटेने गेला, अंगावर काय होतं, दिराला विहिरीकडे आणि शेजाऱ्याला स्टँडवर पाठवायला सांगितलं, फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते विचारून लगेच कुलपात टाकायला लावलं. टाइपिंगच्या चार-पाच चुका होत्या. तीन वर्षं मी अशाच फोनची नोंद दोन ओळींत करत आले होते. ती सांगायची त्यातलं किती मी लांबलचक म्हणून गाळलं असेल, याचा विचार करवेना. शेवटी लिहिलं होतं, "तीन वाजता मी परत फोन करणार."

सचिवांनी ते दोनदा वाचलं. मग आत जाऊन विचारलं, "तीनला कोण फोन करणार आहे?"

"मी. अजून कोण?"

"बरोबर," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांना दर्यापूरला बैठक होती. त्यांनी ती पुढे ढकलली आणि माझ्या खोलीत येऊन बसले. डोळस माणसाचा विषय पुन्हा निघाला नाही. तिघांनी डबे उघडले, पण जेवण कुणालाच गेलं नाही.

बरोबर तीनला तिने फोन लावला. दार उघडंच राहिलं होतं. आम्हाला तिचंच बोलणं ऐकू आलं. "आले? ... कवा? ... जेवले का? ... नाई, मंग आता काही विचारू नका. आधी जेवू घाला." तिने फोन ठेवला आणि दोन्ही हात कळांवर आणले.

सचिव दारात जाऊन उभे राहिले. "काय झालं? कुठे गेला होता?"

"लिहून राहिली ना, साहेब," ती न थांबता म्हणाली. "वाचजा मंग."